लेझरने पॉलिमरचे रेणू रांगेत लागतात का? आधी दिशा कुठून आली ते पाहा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चाकणच्या कंपनीत तुम्ही कोटिंगचं काम बघता. ५० मायक्रॉनच्या पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं पॉलिएस्टर प्लास्टिक) फिल्मवर बाहेरून लेझर मारून आणलात, २६६ नॅनोमीटरचा, नॅनोसेकंद पल्सचा. एएफएममध्ये (बारीक सुईने पृष्ठभागाचे चढउतार मोजणारा सूक्ष्मदर्शक) एकमेकींना समांतर बारीक रेघा दिसल्या, साधारण पाव मायक्रॉन अंतरावर. लेझरवाले म्हणाले, "बघा, टेबल सरकलं त्या दिशेने रेणू लागले." तुम्ही एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाश कुठे किती शोषला जातो त्याची चाचणी) करून घेतलात, तर आधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक बसतो. मग रेणू लागले की नाही? आणि लागले असतील तर कोटिंग नीट पसरायला त्याचा उपयोग आहे का?

इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. पृष्ठभागाच्या आकाराला दिशा आली का, हा एक. आतल्या साखळ्यांना, म्हणजे पॉलिमरच्या लांबलचक रेणूंना, दिशा आली का, हा दुसरा. आणि वरच्या थराची केमिस्ट्री बदलली का, हा तिसरा. तिन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, एकेकट्याही होतात. एएफएम फक्त पहिल्याचं उत्तर देतं. त्या उत्तरावर दुसऱ्याचं लेबल लावलं जातं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. मी भोसरी-चाकण पट्ट्यात बरीच वर्षं प्लास्टिकवर लेझर मारायची कामं करतो (मार्किंग, वेल्डिंग, फिल्म कापणं, अधूनमधून असलं पृष्ठभागाचं काम) आणि 'अलाइनमेंट झालं' असं सांगत आणलेल्या सॅम्पलपैकी बऱ्याच सॅम्पलमध्ये फक्त खाचा असतात.

थोडक्यात सांगायचं तर लेझर स्वतःहून रेणू लावत नाही. ते आधीपासून लागलेले असतील तर बहुधा विस्कटतो. काही ठरावीक पॉलिमरमध्ये, ठरावीक प्रकाशाखाली तो खरोखर रेणू लावतो, पण पीईटी त्या यादीत बसत नाही.

आता कारण. लेझर पीईटीसारख्या साध्या पॉलिमरला दोनच गोष्टी देतो: उष्णता, किंवा बंध तोडण्याइतका मोठा फोटॉन. बहुधा दोन्हींची सरमिसळ असते. उष्णतेला स्वतःची दिशा नसते. तापलेली साखळी मोकळी झाली की वेटोळं करून बसते, कारण वेटोळं करायच्या तऱ्हा असंख्य आहेत आणि ताठ राहायची एकच. म्हणून कुणी अलाइनमेंटचं बोललं की मी पहिलं विचारतो, दिशा आली कुठून? ती प्रकाशाच्या पोलरायझेशनमधून, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र ज्या दिशेत डोलतं त्यातून, येऊ शकते. फिल्म बनवताना दिलेल्या ताणातून येऊ शकते. लेझर मारताना तुम्ही फिल्म किंवा धागा ओढत असाल तर त्या ओढीतून येऊ शकते. पृष्ठभागावर पडलेल्या खाचाही दिशा देतात, पण ती नंतर वर येणाऱ्या पदार्थाला, खालच्या साखळ्यांना नाही.

टेबल सरकण्याची दिशा यात कुठेच नाही. हिशोब करून बघा. टेबल सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने पळतंय आणि पल्स १० नॅनोसेकंदांचा आहे, तर एका पल्समध्ये टेबल १ नॅनोमीटर सरकतं. पल्सच्या दृष्टीने टेबल उभंच आहे. सतत चालणाऱ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरची गोष्ट निराळी. तिथे एक गरम पट्टा खरंच पुढे सरकतो आणि मागे थंड होणाऱ्या भागात स्फटिक तापमानाच्या उताराच्या दिशेने वाढू शकतात. पीईटीचा धागा सीओटू लेझरने तापवून ओढतात, तेव्हा तर साखळ्या फारच उत्तम लागतात. पण तिथेही लावण्याचं काम ओढ करते, लेझर नुसता मऊ करून देतो. ओढ काढून टाका आणि तोच लेझर मारा, धागा आखडेल.

किती खोलवर काय होतं हे तरंगलांबी आणि पल्सची लांबी मिळून ठरवतात, म्हणून यावर जरा थांबतो. भोसरीत गल्लोगल्ली जो २० वॅटचा फायबर लेझर आहे तो १०६४ नॅनोमीटरचा. त्याचा फोटॉन १.१७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण ३.६ लागतात. शिवाय पारदर्शक पीईटीमधून हा प्रकाश जवळजवळ सरळ पलीकडे जातो. त्यामुळे त्या मशीनवर स्वच्छ फिल्मला काही झालंच, तर ते रंगद्रव्यामुळे, धुळीमुळे किंवा खालच्या धातूच्या टेबलामुळे. ३५५ नॅनोमीटरच्या यूव्ही मार्करचा फोटॉन ३.५ चा, म्हणजे बंधाच्या जवळ आला, पण स्वच्छ पीईटी त्यालाही फारसं शोषत नाही. पिवळट पॉलिइमाइड (उष्णता सोसणारं एक प्लास्टिक) मात्र तोच ३५५ लगेच गिळतं. एकच मशीन, दोन फिल्म, निकाल पूर्ण वेगळे. तुमच्या २६६ चा फोटॉन ४.६६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा आणि पीईटीमधला बेंझीन रिंगचा भाग तो शोषतो, म्हणून तुमच्याकडे काहीतरी झालं तरी.

एक्सायमर लेझर (वायूवर चालणारे यूव्ही लेझर) याच्याही पुढे जातात. २४८ नॅनोमीटरला ५, १९३ ला ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १९३ चा पल्स पॉलिमरचा पातळ थर आजूबाजूला फारसं न भाजता उडवतो, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये रंगस्वामी श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. चष्मा घालवायला लोक लॅसिक करून घेतात, त्याचं मूळ तिथेच आहे.

आता खोली. २४८ ला पीईटीमध्ये प्रकाश साधारण ६० नॅनोमीटरमध्ये संपतो. २६६ ला शोषण कमी, म्हणून जरा जास्त आत जातो, पण तरी मायक्रॉनच्या आत. उष्णता पल्स चालू असताना किती पसरते हेही ढोबळ काढता येतं. पॉलिमरची उष्णता-विसरणशीलता (उष्णता किती झपाट्याने पसरते त्याचं माप) सेकंदाला सुमारे एक कोट्यंश चौरस मीटर धरली, तर १० नॅनोसेकंदांत उष्णता जेमतेम ६० नॅनोमीटर पसरते आणि १ मिलिसेकंदात २० मायक्रॉन. म्हणजे तुमच्या ५० मायक्रॉनच्या फिल्मचा फक्त वरचा पापुद्रा बदललाय. खालच्या बाकी सगळ्या फिल्मला लेझर मारल्याचा पत्ताही नाही. हे लक्षात ठेवा, एफटीआयआरच्या वेळी कामाला येईल.

आता तुमच्या फिल्मकडे येतो. बाजारातली पीईटी फिल्म म्हणजे दोन्ही दिशांना ताणलेली, आधी रोलच्या लांबीत आणि मग रुंदीत, प्रत्येकी तीन-चार पट, आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर हीट-सेट केलेली, म्हणजे ताणून धरूनच तापवून पक्की केलेली. तिच्या साखळ्या आधीपासूनच फिल्मच्या प्रतलात ताणून धरलेल्या असतात आणि बेंझीन रिंग बऱ्याच अंशी पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या असतात. या फिल्मला लेझरने अलाइन करायचं म्हणजे आधीच रांगेत उभ्या असलेल्यांना रांग लावायला सांगणं. होतं उलटच. पल्स पडला की वरचा थर काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ पडतो) वर जातो, पीईटीसाठी ते ७० ते ८० अंश सेल्सिअस. पल्स जोरदार असेल तर वितळबिंदूच्याही वर, म्हणजे २५० ते २६० च्या पलीकडे. तिथे साखळ्या मोकळ्या होतात. इस्त्रीने सरळ केलेल्या कुरळ्या केसांवर पावसाचा शिडकावा बसला की जे होतं, तेच इथे.

मग थंड होताना पुन्हा स्फटिक बनतील की, असं वाटेल. पीईटी स्फटिक बनवायला फार आळशी आहे. अगदी सोयीच्या तापमानालाही तिला सेकंदांच्या हिशोबात वेळ लागतो. नॅनोसेकंद पल्सनंतरचा पापुद्रा मायक्रोसेकंदांतच गार होतो. त्यामुळे वर एक अस्फटिक (साखळ्या विस्कळीत असलेली) कातडी राहते, खाली जुनी ताणलेली फिल्म. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन असतं तर उत्तर बदललं असतं, ती फार वेगाने स्फटिक बनवतात. म्हणून दुसऱ्या पॉलिमरवरचा अनुभव पीईटीला जसाच्या तसा लावू नका.

ही अस्फटिक कातडी वाईट नसते, हेही सांगतो. चिकटवायच्या कामात ती फायद्याचीच ठरते, कारण मोकळ्या साखळ्यांमध्ये कोटिंगचं रेझिन थोडंफार शिरू शकतं. फक्त तिला 'अलाइन झालेला थर' म्हणू नका. ती त्याच्या बरोबर उलट आहे.

ऊर्जा वाढवून उडवण्याच्या उंबरठ्याच्या वर गेलात तर ताणलेल्या पीईटीवर आणखी एक गंमत दिसते. धाग्यावर ताणाच्या दिशेला काटकोनात आडव्या वळ्या उठतात. दोन्हीकडे ताणलेल्या फिल्मवर गाठी-गाठींचा खरखरीत पृष्ठभाग तयार होतो. आत गोठलेला ताण वरच्या थरातून सुटतो, त्यातून हे होतं असं त्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. या वळ्यांचं अंतर मायक्रॉनच्या घरात असतं आणि पल्स वाढवले की ते वाढत जातं. इथे दिशा खरोखर साखळ्यांच्या ताणातून आलेली असते, पण वळ्या आडव्या असतात! एएफएम बघून साखळ्यांची दिशा सांगणारा इथे बरोबर ९० अंशांनी चुकतो.

तुमच्या रेघा मात्र या प्रकारच्या नाहीत, असं अंतरावरून वाटतं. पाव मायक्रॉन म्हणजे २५० नॅनोमीटर, तुमच्या २६६ च्या अगदी जवळ. हे लेझरमुळे उठणारे आवर्ती तरंग आहेत, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना लिप्स म्हणतात. १९६५ मध्ये बर्नबॉमने रूबी लेझरने अर्धवाहकांवर ते पहिल्यांदा नोंदवले, पुढे धातूंवर आणि पॉलिमरवरही सापडले. येणारा प्रकाश आणि पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीवरून विखुरलेला प्रकाश यांचं व्यतिकरण होतं (लहरी मिसळून कुठे वाढतात, कुठे विरतात), त्यातून कमी-जास्त तापाच्या पट्ट्या पडतात. पट्टी काचसंक्रमण तापमानाच्या वर गेली की मटेरियल किंचित वाहतं, पुढच्या पल्सला तो आकार आणखी पक्का होतो. म्हणून यासाठी एका जागी शेकडो-हजारो पल्स लागतात आणि ऊर्जा कमी लागते, पीईटीसाठी पल्सला चौरस सेंटिमीटरमागे काही मिलिज्यूल. ऊर्जा जास्त झाली तर रेघा पुसल्या जातात किंवा थरच उडतो.

तुमच्या पोस्टमध्ये 'अर्धा वॅट, सेकंदाला १० पल्स' एवढंच आहे. वॅटवरून काही कळत नाही हो. अर्धा वॅट भागिले दहा म्हणजे पल्सला ५० मिलिज्यूल. तो १ सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर पडला तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६४ मिलिज्यूल होतात, त्यात पीईटी कोरली जाईल. तोच ४ सेंटिमीटरवर पसरवला तर सुमारे ४ मिलिज्यूल, तिथे रेघा येतील. तुम्हाला रेघा मिळाल्यात म्हणजे ठिपका मोठा होता. तरी लेझरवाल्यांकडून ठिपक्याचं माप लेखी घ्या, नाहीतर पुढच्या वेळी हाच निकाल परत मिळणार नाही.

पॉलिमरवर या रेघा पोलरायझेशनला समांतर येतात. टेबलाशी त्यांचा संबंध नाही. तुमच्या बाबतीत लेझरचं पोलरायझेशन आणि टेबलाचा अक्ष योगायोगाने एकाच दिशेत असणार. मशीन सरळसोट बसवलेलं असलं की असं होतंच. तपासायला सोपं आहे. लेझरच्या वाटेत २६६ ची अर्धतरंग पट्टी घाला, ती ४५ अंश फिरवा म्हणजे पोलरायझेशन ९० अंश फिरेल, टेबल आधी जसं सरकत होतं तसंच सरकू द्या. रेघा फिरल्या तर प्रश्न मिटला. दुसरी खूण तिरप्या प्रकाशाची. सॅम्पल रेघांच्या अक्षाभोवती तिरपं केलं की रेघांमधलं अंतर वाढतं. मशीनच्या कंपनांमुळे किंवा टेबलाच्या पायऱ्यांमुळे पडलेल्या रेघा असं वागत नाहीत. जाता जाता एक गोष्ट, कारण लोक एक्सायमरवर जाऊन वैतागून येतात: एक्सायमरचा प्रकाश मुळात पोलराइज्ड नसतो. तिथे पोलरायझर लावल्याशिवाय अशा नीट रेघा यायच्या नाहीत.

मग या रेघांमध्ये साखळ्या लागतात का? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे असंच उत्तर देणं प्रामाणिक ठरेल. मटेरियल वाहताना थोडी ओढ बसते, पोलरायझेशनला समांतर असलेले शोषक गट जास्त प्रकाश गिळतात, त्यामुळे थोडा कल येऊ शकतो. पण तो मोजून सिद्ध करायचा असतो, रेघा बघून गृहीत धरायचा नाही.

लेझर खरंच रेणू लावतो, ती जागा वेगळी आहे. अ‍ॅझोबेंझीनचे रंगगट साखळीला बांधलेले असतील तर पोलराइज्ड प्रकाशात प्रत्येक गट सरळ रूपातून वाकड्या रूपात आणि परत सरळ असा उलटत राहतो. प्रकाश शोषण्याची शक्यता गट आणि विद्युतक्षेत्र यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाबरोबर बदलते. जो गट फिरता फिरता क्षेत्राला लंब झाला, त्याचं शोषण थांबतं आणि तो तिथेच राहतो. हळूहळू सगळे लंब दिशेत जमा होतात. रंगांच्या थरावर पोलराइज्ड प्रकाशाने दिशा येते हे वायगर्टने १९१९ मध्येच नोंदवलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या मार्गाने लेझरने लिक्विड क्रिस्टलला दिशा देऊन दाखवली गेली, आणि १९९५ मध्ये अशाच फिल्मवर लेझरच्या व्यतिकरणाने खोल जाळ्या उठवल्या गेल्या. १९९२ मध्ये शाट यांच्या गटाने सिनॅमेट पॉलिमरवर पोलराइज्ड यूव्हीने दिशा देऊन दाखवली. तिथे ठरावीक दिशेतले सिनॅमेट गट एकमेकांना जोडले जातात. पॉलिइमाइडमध्ये तिसराच प्रकार आहे. पोलरायझेशनला समांतर साखळ्या आधी तुटतात, लंब साखळ्या मागे उरतात. फिरलं कुणीच नाही, तरी सरासरीला दिशा आली.

या तिन्हींमध्ये प्रकाश निवडून काम करतो आणि ऊर्जा इतकी कमी असते की पॉलिमर वितळत नाही. म्हणजे रेणू लावणारा लेझर सौम्य असतो, सावकाश चालतो आणि पोलराइज्ड असतो. जोरात मारून अलाइनमेंट वाढत नसतं. अ‍ॅझो फिल्मही वितळायच्या वर गेली तर सगळं गमावते.

एलसीडीवाल्यांकडून आलेला एक गोंधळ इथेच निस्तरतो. त्यांच्याकडे पॉलिइमाइडवर मखमली कापडाचा रोलर घासून दिशा देतात. खाचांमुळे लिक्विड क्रिस्टल लागतं की वरच्या साखळ्या ओढल्या गेल्यामुळे, यावर बराच वाद झाला. बेरेमनने १९७२ मध्ये खाचांच्या लवचीक ऊर्जेवरून गणित मांडलं. पुढे एक्स-रे मोजमापांनी दाखवलं की घासल्याने पृष्ठभागाजवळच्या साखळ्या खरोखर दिशा घेतात. म्हणून तुमच्या फिल्मवर लिक्विड क्रिस्टल टाकून ते लागलं, तरी साखळ्या लागल्याचा तो पुरावा नाही. नुसत्या खाचाही तेवढं करतात.

आता एफटीआयआर. तुमचा आलेख बदलला नाही, यात नवल काही नाही. एटीआरमध्ये (सॅम्पल एका क्रिस्टलवर दाबून घ्यायचा एफटीआयआर) हिऱ्याचा क्रिस्टल असेल तर १३४० या तरंगसंख्येला किरण सुमारे दीड मायक्रॉन आत बघतो. समजा बदललेला थर १०० नॅनोमीटरचा आहे. गणित केलं तर एकूण संकेतापैकी जेमतेम आठवा हिस्सा त्या थराचा, रुपयातले दोन आणे. बाकी चौदा आणे खालची न बदललेली फिल्म बोलते. जर्मेनियमचा क्रिस्टल मागा. तिथे खोली अर्ध्या मायक्रॉनवर येते आणि हिस्सा तिसऱ्या भागापर्यंत जातो. तोही खूप नाही, पण फरक दिसायला लागतो.

शिवाय तुम्ही पोलरायझर लावला होता का? नुसता साधा एफटीआयआर दिशा दाखवत नाही. आयआर पोलरायझर लावून, सॅम्पल शून्य आणि ९० अंशांत ठेवून, दोन्ही वेळा तेवढ्याच दाबाने, १३४० आणि ९७३ चे पट्टे बघा. ते ताठ, ट्रान्स रूपाच्या साखळीचे. १३७० चा वाकड्या, गॉश रूपाचा. १४१० चा पट्टा रचनेने फारसा बदलत नाही, म्हणून बाकीचे त्याने भागा. ट्रान्स कमी आणि गॉश जास्त झाला असेल तर तुमच्याकडे अस्फटिक कातडी आहे. मी पैज लावत नाही, पण तुमच्या बाबतीत हेच निघेल असं मला वाटतं.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, दोन्हीकडे ताणलेल्या फिल्ममध्ये लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना साखळ्या असतात. शून्य आणि ९० अंशांच्या शोषणाचं गुणोत्तर १ च्या जवळ येऊ शकतं आणि माणूस म्हणतो, दिशाच नाही. दिशा असते, पण ती प्रतल विरुद्ध जाडी अशी असते. दुसरा, रोलच्या कडेच्या फिल्मचा अक्ष मधल्या फिल्मपेक्षा तिरपा असतो, कारण रुंदीत ताणताना मधला भाग मागे राहतो आणि फिल्म धनुष्यासारखी वाकते. तुम्ही कंट्रोल मधून कापलात आणि लेझर मारलेलं कडेचं असेल, तर फरक दिसेल आणि लेझरला त्याचं फुकटचं श्रेय मिळेल. दोन्ही तुकडे रोलच्या एकाच जागचे घ्या. कापण्याआधी मार्करने लांबीची दिशा आखा आणि प्रत्येक तुकड्याचा एकच ठरलेला कोपरा उडवा, म्हणजे उलटा-पालटा झाला तरी कळेल. कोपरा न उडवलेल्या चौकोनी तुकड्यांवर दिशेची मोजमापं करणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

माझं ऐकाल तर चार तुकडे करा: न मारलेला, पोलरायझेशन लांबीत ठेवून मारलेला, पोलरायझेशन रुंदीत ठेवून मारलेला, आणि चौथा, दुसऱ्यासारखंच पोलरायझेशन पण सॅम्पल ९० अंश फिरवून. मोजलेली दिशा अर्धतरंग पट्टीबरोबर फिरली तर ती प्रकाशाची. रोलबरोबर फिरली तर फिल्मची जुनी. कशाबरोबरच फिरली नाही तर मोजमापात घोळ आहे. एएफएम आणि एक्सपीएससाठी पाषाणला एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था आहेत, तिथे चौकशी करा. एक्सपीएस वरच्या जेमतेम १० नॅनोमीटरची केमिस्ट्री सांगतं, दिशा नाही. अगदी वरच्या काही नॅनोमीटरमधल्या साखळ्यांची दिशा हवी असेल तर सिंक्रोट्रॉनवर (एक्स-रे देणारं प्रचंड मोठं यंत्र) पोलराइज्ड सॉफ्ट एक्स-रे शोषण करावं लागतं. त्यासाठी इंदूरला इंडस-२ आहे. पण कोटिंगच्या कामासाठी इतक्या लांब जाऊ नका. ते शोधनिबंध लिहिणाऱ्यांचं काम.

घरच्या घरी एक करता येईल. दोन पोलरायझर आडवे-उभे धरून मध्ये फिल्म फिरवून बघा. मजा येते, रंगही दिसतात. पण ते सगळे ५० मायक्रॉनचे रंग, तुमच्या पापुद्र्याचे नाहीत. त्या रंगांवरून लेझरचा निष्कर्ष काढू नका. खरंच साखळ्या बघायच्या असतील तर पीईटीचा काहीशे नॅनोमीटरचा थर सिलिकॉनवर स्पिन-कोट करून (द्रावण गरगर फिरवून पसरवून) त्यावर लेझर मारणं बरं, म्हणजे जुन्या ताणाची कटकटच नाही. त्यासाठी लागणारा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड मात्र फ्यूम हूडशिवाय उघडू नका. आणि २६६ डोळ्यांना दिसत नाही. फायबर लेझरचा हिरवट चष्मा १०६४ साठी असतो; तो २६६ ला चालतो की नाही ते त्याच्यावर छापलेली तरंगलांबी वाचून ठरवा.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे येतो, म्हणजे कोटिंगकडे. कोटिंग ओलं असताना दहा-बारा मायक्रॉन जाड असतं असं धरतो. रेघांची खोली काही दहा नॅनोमीटर, फार तर शंभराच्या आसपास. इतक्या जाड ओल्या थराला त्या रेघांची दिशा जवळजवळ जाणवणारच नाही. अगदी पातळ थरात, काहीशे नॅनोमीटरच्या, जाणवू शकेल. थेंब टाकून बघितलात तर खाचा पुरेशा खोल असल्यास तो रेघांच्या दिशेने लांबट होतो. रेघांच्या दिशेने बघून मोजलेला स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) मोठा, आडवं बघून मोजलेला लहान. तोही आकाराचा परिणाम असतो, रेणूंचा नव्हे. म्हणून स्पर्शकोन दोन्ही बाजूंनी मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

कोटिंग बसणं न बसणं ठरवेल ते पृष्ठभागाची ऊर्जा आणि वरचा सैल कचरा. लेझर मारल्यावर डाइन पेनने (पृष्ठभागाची ऊर्जा दाखवणाऱ्या शाईचं पेन) मोजा, मग आयसोप्रोपिलने पुसून परत मोजा. आकडा धाडकन पडला तर वर साखळीचे तुटके तुकडे नुसते पसरलेले होते, ते कोटिंगसकट निघून येतील. न पुसलेला तुकडा आठवडाभर ठेवून तिसऱ्यांदा मोजा. मोकळ्या साखळ्या हळूहळू फिरून ध्रुवीय गट आत वळवतात आणि सुरुवातीचा चांगला आकडा उतरत जातो. जिथे सगळ्या रुंदीवर सरसकट चिकट हवी आहे, तिथे माझं मत कोरोना ट्रीटमेंटच्या (फिल्मवर विजेचा डिस्चार्ज सोडणं) बाजूने आहे. स्वस्त आहे, रोलवर धावतं आणि पीईटीला पुरतं. लेझर तेव्हा घ्या, जेव्हा ठरावीक जागीच बदल हवा, नक्षी हवी, किंवा खरंच लिक्विड क्रिस्टल लावायचंय. आणि लिक्विड क्रिस्टल लावायचं असेल तर पीईटीवर मेहनत करण्यापेक्षा तिच्यावर फोटो-अलाइनमेंटचं पॉलिइमाइड किंवा सिनॅमेट चढवून पोलराइज्ड यूव्ही द्या.

पुढच्या सॅम्पलआधी फिल्मची डेटाशीट काढून बघा. बऱ्याच व्यापारी पीईटी फिल्मला एका बाजूला अ‍ॅक्रिलिकसारखा पातळ प्रायमर असतो, आणि रोल चिकटू नये म्हणून आत सिलिकाचे कण घातलेले असतात. लेझर प्रायमरच्या बाजूला मारला गेला असेल, तर वर मी पीईटीबद्दल जे लिहिलं त्यातलं निम्मं तुमच्या सॅम्पलला लागूच होत नाही. फिल्मचा ग्रेड, मारलेली बाजू, ठिपक्याचा व्यास, एका जागी पडलेले पल्स आणि पोलरायझेशनची दिशा एवढं इथे लिहा, मग पोलराइज्ड एटीआरचे आकडे घेऊन पुढे बोलू.